बायोवाल्या मॅडम आणि ती एक फांदी

"समजलं का?" मॅडम विचारायच्या, आणि समोरच्यानं तोंड उघडायच्या आत स्वतःच उत्तर द्यायच्या, "नाही समजलं. चाल, पुन्हा."

आणि पुन्हा म्हणजे खरोखर पहिल्यापासून. समजलं असलं तरी सुटका नव्हती. सौंसरच्या आमच्या शाळेत त्या बायोलॉजी शिकवायच्या आणि मी हिंदी. दोघी पांढुर्ण्याच्या, त्यामुळे रोजची बस एक आणि सीटही एक. खिडकी त्यांची. मी कधी चुकून खिडकीत बसले तर त्या काही बोलायच्या नाहीत, नुसत्या उभ्या राहायच्या.

शिकवायला त्यांना वर्ग लागत नसे. वळणावर एक बाई ओकली तेव्हा त्यांनी कंडक्टरला कानातल्या पाण्याचा आणि चक्कर येण्याचा संबंध असा काही समजावला, की तो तिकिटं फाडायचं सोडून दांडा धरून ऐकत राहिला आणि दोन गावांचे लोक फुकट उतरून गेले. फळ्याची उणीव त्या संत्र्यानं भरून काढायच्या. हंगामात त्यांच्या पर्समध्ये संत्री असायचीच. अंगठ्यानं साल काढायची, फोडी मांडीवरच्या रुमालावर मांडायच्या आणि त्यांतून हृदय, मेंदू, पृथ्वी, जे हवं ते तयार करायचं. शिकवून झालं की विषय खाऊन टाकायचा. हंगाम नसला तर डब्यातली पोळी कामी यायची.

तुमच्याही ओळखीत असं एखादं माणूस असेल. अशा माणसाशेजारी रोज बसून प्रवास करणं काय असतं, हे तुम्हाला सांगायला नको. मी पुष्कळदा डोळे मिटून झोपल्याचं सोंग करायचे. "झोपली का? बरं झालं, झोपेतही कान चालू राहते," असं म्हणून त्या पुढे सुरू व्हायच्या.

अशाच एका सकाळी स्कार्फ बांधता बांधता त्यांचा हात मानेवर थांबला.

"इथं हात लाव बरं," त्या म्हणाल्या.

जबड्याच्या खाली मटाराएवढी गाठ होती. दुखत नव्हती. मी म्हटलं, सर्दीची असेल. त्या म्हणाल्या, "दुखली असती तर मीही तेच म्हटलं असतं." पुढचे काही दिवस नागपूरच्या खेपा झाल्या. भाऊजी, म्हणजे त्यांचे यजमान, बरोबर जायचे. गाठीचा तुकडा तपासायला गेला आणि उत्तर आलं की हा लिम्फोमा आहे, बी पेशींचा. रक्तातल्या पांढऱ्या पेशींपैकी एका जातीचा कॅन्सर.

दुसऱ्या दिवशी त्या नेहमीच्या बसला हजर. मी आदल्या दिवसापासून रडत होते, डोळे सुजलेले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि पर्समधून संत्रं काढलं.

"रडून राहिली का? आधी समजून घे, मंग रड. न समजता रडणं म्हणजे पेपर न वाचता नापास होणं."

आणि त्या बसमध्ये त्यांनी मला स्वतःचा आजार शिकवला. आम्ही हिंदी शाळेतल्या, त्यामुळे पेशीला त्या कायम कोशिका म्हणायच्या.

"बी कोशिकेचं काम काय, तर हत्यार बनवणं. अँटिबॉडी. आता रोग नाना प्रकारचे, तर हत्यारंही नाना प्रकारची पाहिजे. एवढी हत्यारं एका साच्यातून कशी निघतीन? म्हणून ही कोशिका आपलेच जीन कापते अन् पुन्हा जोडते, नवीन नमुना करते. तिची बहीण टी कोशिका सोडली तर बाकी कोशिका असले धंदे करत नाही. आता रोज कापून-जोडून राहिली म्हणजे कधी तरी चुकणारच. शिंप्याच्या हातून नाही का बाही उलटी लागत?"

"मग तुमची बाही उलटी लागली?"

"हो. एका गुणसूत्राचा तुकडा तुटला अन् दुसऱ्याच गुणसूत्रावर जोडल्या गेला. त्या तुकड्यात एक जीन होता, कोशिकेले 'मरू नको' म्हणणारा. अन् तो जाऊन बसला कुठं, तर अँटिबॉडी बनवायच्या बटनापाशी. ते बटन बी कोशिकेत चालूच असते. झालं. 'मरू नको, मरू नको' चालूच."

"मरू नको म्हणणं तर चांगलं ना, मॅडम?"

त्या खूश झाल्या. मी नेमका चुकीचा प्रश्न विचारला की त्यांना उत्साह यायचा. त्यांनी हातातली फोड बसभर फिरवली. "पाय बरं. या बसमध्ये लोक चढते अन् आपापलं गाव आलं की उतरते. समज, कोणी उतरलंच नाही. चढणारे रोजचेच, ज्यादा कोणी चढून नाही राहिलं. फक्त उतरून नाही राहिले. मंग?"

"बस भरेल."

"ही गाठ म्हणजे ती भरलेली बस. समजलं का? नाही समजलं. चाल, पुन्हा."

मला पहिल्याच फेरीत समजलं होतं, पण मी ऐकत राहिले. शाळा येईपर्यंत माझं रडू थांबलं होतं आणि संत्रं संपलं होतं.

त्यांचा प्रकार सावकाशीचा होता. डॉक्टरांनी सांगितलं, सध्या काहीच करायचं नाही, नुसतं लक्ष ठेवायचं, ठरावीक दिवसांनी येऊन दाखवायचं. पांढुर्ण्यातल्या आमच्या गल्लीला हे अजिबात पटलं नाही. कॅन्सर म्हटल्यावर भेटायला येणाऱ्यांची रीघ लागली, आणि पेशंट स्वतः दार उघडून चहा टाकते आहे हे पाहून लोक नाराज व्हायचे. "औषधच नाही देऊन राहिले? असा कसा डॉक्टर?" कोणी जवसाचं तेल सांगितलं, कोणी गोमूत्र. कोणी खालच्या आवाजात विचारलं, काय खाण्यात आलं होतं. एका म्हाताऱ्या काकांनी तर मागच्या जन्माचा विषय काढला.

"मागच्या जन्माचं नाही जी, काका," मॅडम म्हणाल्या. "या जन्मातलंच, एका कोशिकेचं आहे. अन् नुसत्या तेवढ्यानं होत नाही. असा उलटा जोड धडधाकट माणसाच्या रक्तातही सापडते. तुमच्याही असंन. त्याच्यावर आणखी एक-दोन जीन बिघडावे लागते, तेव्हा कुठं आजार होते." काका चहा अर्धा ठेवून उठले आणि पुन्हा आले नाहीत.

शेजारणींच्या आग्रहाखातर आम्ही जामसांवलीलाही जाऊन आलो. मारुतीपुढे त्या डोळे मिटून बराच वेळ उभ्या होत्या. बाहेर आल्यावर मी विचारलं, काय मागितलं? "काही नाही. रिपोर्ट सांगितला," त्या म्हणाल्या आणि प्रसादाचा मोठा तुकडा स्वतःकडे ठेवला.

याच दिवसांत श्वेताचं स्थळ आलं. श्वेता ही त्यांची एकुलती मुलगी. मुलगा नागपूरला नोकरीला, घर लोधीखेड्याचं, संत्र्याचा चांगला बगिचा. फोटो आवडले, दोघांचं फोनवर बोलणं झालं, तेही आवडलं. श्वेता घरात गुणगुणायला लागली. तिचा आवाज आईवर गेलेला, म्हणजे बेसूर, पण आम्हाला ते ऐकायला फार बरं वाटायचं.

आता प्रश्न असा, की आजाराचं सांगायचं का. आमच्याकडे साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, झाला की लग्न ठरलं, मग कोणी मागे फिरत नाही. भाऊजींचं म्हणणं, साक्षगंध होऊ द्या, मग सांगू. माझंही तेच. मॅडमना ते मान्य नव्हतं.

"लपवलं तर लोक मनानंच शिकते, अन् चुकीचं शिकते. त्यापेक्षा मी शिकवलेलं बरं."

पाहुणे आले त्या दिवशी मीही होते. मुलाची आई, जिला श्वेतामुळे आम्ही सगळेच लोधीखेड्याच्या काकू म्हणतो, ती घरच्या संत्र्यांची पिशवीच घेऊन आली होती. बाई ठसठशीत, बोलायला मोकळी. पोहे झाले, चहा झाला, आणि मॅडमनी सरळ विषयाला हात घातला. मला आजार आहे, असा असा आहे. काकूंचा चेहरा उतरलेला पाहून त्यांनी पिशवीतलं एक संत्रं उचललं. बसचं उदाहरण बगिचावाल्यांना काय सांगायचं, म्हणून त्या झाडावर गेल्या. "ताई, तुमच्या बगिच्यात एखाद्या झाडाची एखादी फांदी अचानक वेगळी नाही निघत? झाड तेच, पाणी तेच, पण त्या फांदीचं फळ न्यारं. तसं माझं झालं. एका फांदीच्या जीनमध्ये फरक आला."

काकूंना हे लगेच समजलं. त्यांनी दोन प्रश्नही विचारले. फरक आपोआप येतो का, आणि आला की जातो का. येतो आपोआप, जात नाही, मॅडम म्हणाल्या. पाहुणे गेल्यावर त्या आनंदात होत्या. "काय हुशार बाई आहे! माझ्या बारावीच्या पोरांले हे सांगायले मले हप्ता लागते."

दोन दिवसांनी निरोप आला की विचार करून कळवतो. या निरोपाचा अर्थ आपल्याकडे शाळेत न गेलेल्यालाही कळतो. मग फोन बंद झाले. श्वेताचं गुणगुणणं थांबलं. ती भांडी जोरात आपटायला लागली, आणि एका संध्याकाळी माझ्यासमोरच म्हणाली, "आई, तू कायले सांगितलं वं? तुले वर्ग घेतल्याशिवाय राहवलंच नाही ना?"

दुसऱ्या दिवशी बसमध्ये मॅडम खिडकीतून बाहेर पाहत बसल्या आणि पर्स उघडलीच नाही. गाठीनं जे झालं नव्हतं ते या एका वाक्यानं झालं. मला त्यांचा राग आला, श्वेताचा आला, आणि लोधीखेड्याच्या त्या बाईचा तर फारच आला.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मी लोधीखेड्याला माझ्या बहिणीकडे गेले, तर तिथे काकू समोरच. मी तोंड फिरवणार होते, पण त्याच मला कोपऱ्यात घेऊन गेल्या. डोळ्यांत पाणी.

"पोरगी सोन्यासारखी हाय बाई. माह्या पोरानं आठ दिस नीट जेवन नाई केलं. पन मी काय करू? मॅडमनंच सांगतलं ना, फांदी बदलली म्हनून. अन् बदलल्या फांदीचा डोळा बांधला तं सारं झाड तसंच निंगते. हे तं लहान लेकरू बी सांगन आमच्याकडं."

आता ज्यांना संत्र्यातलं कळत नाही त्यांच्यासाठी सांगते. संत्र्याचं झाड बी पेरून करत नाहीत. चांगल्या झाडाच्या फांदीवरची कळी, तिला डोळा म्हणतात, ती काढून जंबेरी लिंबाच्या खुंटावर बांधतात. जसा डोळा तसं झाड, शंभर टक्के. काकूंचं आयुष्य डोळे निवडण्यात गेलेलं. त्यांनी मॅडमचं उदाहरण ऐकलं, स्वतःच्या बगिच्यात नेऊन ताडून पाहिलं आणि श्वेता म्हणजे त्या बिघडलेल्या फांदीचा डोळा, असा निष्कर्ष काढून बसल्या.

हे मी बसमध्ये मॅडमना सांगितलं. मला वाटलं, चिडतील. पण त्यांनी कपाळावर हात मारला आणि इतक्या मोठ्यानं हसल्या की ड्रायव्हरनं आरशात पाहिलं.

"अवं, बरोबर आहे तिचं! पूर्ण बरोबर आहे! मी जे शिकवलं त्याच्यावरून हेच उत्तर निघते. उदाहरण माझं अर्धं होतं!" आणि मग, "ऊठ."

सौंसरला उतरून आम्ही शाळेत फोन केला, सुटी टाकली आणि समोर उभी असलेली नागपूरची बस धरून लोधीखेड्याला उतरलो. काकू बगिच्यात होत्या. आम्हाला पाहून त्या इतक्या ओशाळल्या, की डोक्यावरचा पदर तीनदा सारखा केला. मॅडमनी बसायलाही नकार दिला.

"ताई, मी तुम्हाले अर्धंच शिकवलं. चूक माझी. आता मले असं झाड दाखवा, ज्याची एक फांदी बिघडली."

विहिरीपाशी होतंच एक. एका अंगाच्या फांदीला जाड सालीची, ओबडधोबड फळं लागलेली, बाकी झाड नेहमीचं. मॅडम त्या झाडाखाली फळ्यापुढे उभं राहावं तशा उभ्या राहिल्या.

"या खराब फांदीचा डोळा बांधला तर?"

"खराब निंगन," काकू म्हणाल्या.

"अन् याच झाडाच्या तिकडच्या अंगाच्या फांदीचा बांधला तर?"

"त्याले काय होते? तो चांगलाच निंगते. बांधला ना आमी." काकूंनी हात लांबवला. "ते नवीन झाडं दिसून राहिले ना धुऱ्यापाशी, ते याच झाडाच्या तिकडल्या..."

आणि त्या थांबल्या.

मॅडम हळू बोलल्या. "माझा बिघाड रक्ताच्या कोशिकेत आहे, ताई. जन्मानंतर आलेला, त्या एका फांदीतला. लेकरू रक्ताच्या कोशिकेपासून नाही होत. ती फांदीच न्यारी. श्वेता तिकडल्या अंगाची आहे."

काकू धुऱ्यापर्यंत, बगिच्याच्या बांधापर्यंत, गेल्या. नवीन झाडांपैकी एकाचं संत्रं तोडून आणलं, सोललं, अर्धं मॅडमच्या हातावर ठेवलं आणि अर्धं स्वतः खाल्लं. मला कोणी विचारलं नाही.

"समजलं का?" मॅडमनी विचारलं, आणि त्या दिवशी उत्तरासाठी थांबल्या. अर्धं संत्रं तसंच त्यांच्या हातात होतं.

"समजलं," काकू म्हणाल्या. मग झाडाकडे पाहत, "पन मॅडम, खराब फांदी तं कापून टाकता येते. तुमची काऊन नाई कापत?"

"माझी फांदी एका जागी नाही ना राहत. साऱ्या झाडभर फिरते."

यावर काकूंनी मॅडमचा हात धरला आणि सोडला नाही. आम्ही परत निघालो तेव्हा पिशव्या भरभरून संत्री बरोबर होती आणि साक्षगंधाची तारीख ठरलेली होती. बसमध्ये बसताच मॅडमनी श्वेताला फोन लावला, "ठरलं" एवढंच सांगितलं, आणि पूर्ण रस्ताभर त्या बेसूर गुणगुणल्या. मी झोपेचं सोंग केलं नाही.

लग्न धूमधडाक्यात झालं. मॅडमनी वरातीत नाच केला, आणि घोड्याचे पाय उभ्यानं झोपताना कसे अडकून राहतात ते घोडेवाल्याला सांगितलं.

पुढे काही वर्षांनी गाठी वाढल्या तेव्हा औषध सुरू झालं. सलाइनमधून द्यायचं ते औषध म्हणजे एक अँटिबॉडीच होती, बी पेशींना हुडकून मारणारी. याचा त्यांना कोण आनंद! "पाय, जिचं काम हत्यार बनवणं, तिच्यावरच हत्यार!" त्यांनी वॉर्डातल्या सगळ्या पेशंटना ते शिकवलं. बस रिकामी झाली. त्या पुन्हा शाळेत आल्या आणि खिडकीत बसल्या. रिटायर झाल्या, नातीला खेळवलं, तिला संत्र्याच्या फोडी मोजायला शिकवलं.

आमची शेवटची नीट भेट त्यांच्या ओसरीवर झाली. नागपूरहून नवा रिपोर्ट आला होता. मी विचारायच्या आधीच त्या म्हणाल्या, "आणखी एक जीन बिघडला. आधी लोक उतरून नव्हते राहिले. आता ज्यादाचे चढूनही राहिले."

मला समजलं. पहिल्याच वेळी समजलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि पुन्हा सांगितलं नाही. म्हणाल्या, "आता रडली तर चालते." मग आम्ही दोघी पोटभर रडलो आणि भाऊजींनी केलेला अतिशय गोड चहा प्यायलो. संत्र्याच्या आंबिया बहराची तोडणी सुरू असताना त्या गेल्या.

मला त्यांची फार आठवण येते. बसची खिडकी मला मिळाली आहे आणि ती मला नको आहे.

परवा सौंसरहून येताना लोधीखेड्याच्या काकू चढल्या. पांढुर्ण्यात आता एकट्या राहणाऱ्या भाऊजींना फराळ द्यायला निघाल्या होत्या. मी त्यांना खिडकी दिली. पुढच्या सीटवर एक बाई शेजारणीला सांगत होती की तिच्या नणंदेला गाठींचा कॅन्सर निघाला. डॉक्टर जीनमध्ये बिघाड म्हणतात, आता नणंदेच्या पोरींना कोण करून घेणार.

काकूंनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. "इकडं पाय बाई," असं म्हणून पिशवीतून संत्रं काढलं, अंगठ्यानं साल सोलली, मांडीवर रुमाल पसरला. झाड सांगितलं, एका अंगाची फांदी सांगितली, दुसऱ्या अंगाची सांगितली. ती बाई अर्धी वळून ऐकत होती. तिनं डोळे पुसले आणि मान हलवली.

"समजलं का?" काकूंनी विचारलं. ती बोलणार तेवढ्यात त्यांनी दुसरं संत्रं काढलं.

"नाई समजलं. चाल, पुन्हा."